ज्याचा फोटो, त्याला दाखवता आला पाहिजे

काढलेला फोटो नंतर एडिट करावा की करू नये, हा वाद आधी मिटवून टाकू. करावाच लागतो. फोनवर काढलेला फोटो तुमच्यासमोर येतो तेव्हा त्याचं बरंचसं एडिटिंग होऊन गेलेलं असतं. तुम्ही बटण दाबता, फोन त्या क्षणात एकामागून एक अनेक चित्रं टिपतो, ती एकमेकांवर बसवतो, सावल्या उजळतो, आभाळ जास्त निळं करतो आणि चेहरा सापडला तर त्याची कातडी गुळगुळीत करतो. हे करताना त्याला ना अक्कलकुवा ठाऊक असतं, ना धडगाव. गिऱ्हाइकाला काय आवडेल हे कुणीतरी दूर बसून त्याला शिकवून ठेवलेलं असतं. म्हणून ‘मी फोटोला हातच लावत नाही, आला तसा ठेवतो’ असं जो अभिमानाने सांगतो, त्याच्या फोटोला त्याच्याआधी दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलेला असतो.

नंदुरबार जिल्ह्यात फोटो काढणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. काठीच्या होळीला, सारंगखेड्याच्या यात्रेला, तोरणमाळला फोन घेऊन जाणारी पोरंपोरी, लग्नाच्या ऑर्डरी घेणारे स्टुडिओवाले, शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकणारे गुरुजी, गावच्या बातम्या पाठवणारे वार्ताहर, सगळेच यात आले. विनंती एकच. एडिट केलेला फोटो ज्याचा आहे त्याच्यासमोर धरता आला पाहिजे, आणि त्याने ‘हा मीच’ म्हटलं पाहिजे. फोटो मिरचीचा असेल तर पथारीवर बसून देठ खुडणाऱ्या बाईने म्हटलं पाहिजे की हो, हाच माल.

मिरचीपासूनच सुरुवात करू, कारण या जिल्ह्यात सगळ्यात जास्त फोटो बहुधा तिचेच बिघडतात. ऑक्टोबरच्या सुमारास नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची यायला लागते आणि शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर वाळत पडते. डोळ्यांना तिथे किती तरी लाल दिसतात. कालची मिरची वेगळी, आठवडाभर वाळलेली वेगळी, कडेला पांढुरकी पडलेली वेगळी. फोटोत मात्र सगळा एकच सपाट लाल डाग येतो. असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे इलाजही आपोआप कळेल.

साध्या जेपीजी फोटोतला प्रत्येक ठिपका तीन आकड्यांनी बनतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा 0 ते 255 मधला. भर उन्हातल्या मिरचीवर लालचा आकडा पटकन 255 ला जाऊन टेकतो. त्याच्यावर जागाच नाही. मग जी मिरची थोडी जास्त चमकते तीही 255 आणि शेजारची कमी चमकणारीही 255. सुरकुती गेली, चकाकी गेली. एवढ्यावर थांबलं असतं तरी हिरव्या-निळ्याच्या आकड्यांत थोडा फरक उरला असता. पण आपण घरी येऊन ‘सॅच्युरेशन’ची दांडी उजवीकडे ढकलतो आणि तेही आकडे शून्याला नेऊन बसवतो. आता त्या फोटोत मिरची नाही, नुसता लाल रंग आहे.

इलाजाची सुरुवात फोटो काढतानाच होते. स्क्रीनवर मिरचीला बोट लावा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. फोटो जरा काळपट आला तर चालेल, काळपट भाग नंतर उजळता येतो. 255 ला टेकलेलं मात्र कुणी परत आणू शकत नाही. घरी आल्यावर सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी थोडं कमी करून बघा, सुरकुत्या वर येताना दिसतील. लाइटरूमच्या मोबाइल ॲपमध्ये ‘कलर मिक्स’ असतं. तिथे फक्त लाल निवडून त्याचा उजेड कमी करता येतो, बाकीच्या रंगांना धक्का लागत नाही. ज्यांच्या फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात ‘रॉ’ फाइल निघते त्यांनी पथारीवर तीच काढावी. जेपीजीत एका रंगाच्या 256 पायऱ्या, तर रॉमध्ये बारा बिटांच्या हिशेबाने 4096 आणि चौदा बिटांच्या हिशेबाने 16384. एवढ्या पायऱ्या असल्या की चुकलेला उजेड सावरायला जागा राहते.

आणि हे फक्त देखणेपणापुरतं नाही. आजकाल मालाचा फोटो व्यापाऱ्याला आधी जातो, गाडी नंतर. पांढरी पडलेली मिरची फोनमध्ये लाल करून पाठवली तर त्याला एडिटिंग म्हणत नाहीत.

मिरचीपेक्षा मोठा अन्याय माणसाच्या कातडीवर होतो. लग्नाचा अल्बम उघडा. नवरी पांढरीफटक, नवरा तिच्याहून पांढरा, आणि दोघांचे हात मात्र खरे, सावळे. चेहरा धुऊन काढायचा आणि हात विसरायचा, हे इतक्या अल्बमांत दिसतं की आता कुणाला त्याचं काही वाटतही नाही. स्टुडिओवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, गिऱ्हाईकच मागतं. मागत असेलही. पण त्या मुलीला तिच्या नातवंडांनी पुढे अल्बममध्ये ओळखायचं आहे, याचाही विचार करावा.

यात फोनचाही दोष आहे. समोरच्या दृश्याचा एकूण उजेड मध्यम करड्या रंगाइतका असेल, हे उजेड मोजण्यामागचं जुनं गृहीत आहे. दुपारच्या उन्हात पांढरं धोतर, पांढरी टोपी, मागे तापलेलं आभाळ आणि मध्ये सावळा चेहरा असेल, तर कॅमेरा पांढऱ्याला सांभाळतो आणि चेहरा काळाठिक्कर करून टाकतो. तिथे चेहरा उजळायलाच हवा. उजळणं म्हणजे गोरं करणं मात्र नाही. ‘शॅडो’ची दांडी थोडी वर घ्या, ‘हायलाइट’ची थोडी खाली, की डोळे दिसतात, गालाचा आकार दिसतो आणि रंग आहे तोच राहतो. स्नॅपसीडमध्ये ‘सिलेक्टिव्ह’ नावाचं साधन आहे. चेहऱ्यावर टिंब ठेवून तेवढाच भाग हलक्या हाताने उजळता येतो. ब्यूटी मोड कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करा. कित्येक फोनमध्ये तो चालूच येतो आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

या ब्यूटी मोडचं आणखी एक वाईट आहे. आपल्या म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं. यंत्राला ते डाग वाटतात. कातडी गुळगुळीत करताना ते पुसट करतं, कधी पार पुसूनच टाकतं. आजीने आयुष्यभर अंगावर वागवलेलं गोंदण नातवाच्या फोनने एका क्षणात काढून टाकलं, आणि नातवाने तो फोटो स्टेटसला ठेवला.

सावळ्या रंगाशी फोटोचं हे भांडण जुनं आहे. फिल्मच्या जमान्यात, 1950 च्या दशकापासून, कोडॅक कंपनी प्रिंटचे रंग जुळवायला लॅबना एक नमुना-फोटो देत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा. ती नीट आली की यंत्र बरोबर, असा हिशेब. काळी माणसं त्या फिल्मवर नीट येत नसत, पण कंपनीवर जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींचा. गडद आणि फिकट चॉकलेटातला फरक जाहिरातीत दिसेना, लाकडाच्या रेषा दिसेनात. पुढे सुधारलेली फिल्म आली तेव्हा तिची तारीफ कशी केली गेली, तर मंद उजेडातल्या काळ्या घोड्याचेही बारकावे टिपणारी फिल्म! माणसाचं नाव घ्यायचं टाळून घोडा पुढे केला. 2021 मध्ये गुगलने पिक्सेल फोनमध्ये ‘रिअल टोन’ आणलं, ते याच जुन्या उणिवेवरचा उतारा म्हणून. म्हणजे ही अडचण कंपन्यांनाही मान्य आहे. आपण मात्र अजून उलट दिशेने दांडी ओढतो आहोत.

घोड्याचा विषय निघालाच आहे तर सारंगखेड्याला जाऊ. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, फोन घेतलेल्यांची गर्दी घोड्यांपेक्षा जास्त असते, आणि उजेड मोजायचं शिकायला याच्यासारखी दुसरी शाळा नाही. मघाशी सांगितलेलं मध्यम करड्याचं गणित इथे उघडं पडतं. पांढरा नुकरा फ्रेमभर घेतलात तर कॅमेरा म्हणतो, फार उजेड झाला, आणि त्याला मळकट करड्या रंगाचा करतो. काळा घोडा फ्रेमभर घेतलात तर म्हणतो, फार अंधार आहे, आणि त्यालाही करडाच करतो. दोन्ही घोडे फोटोत एकाच जातीचे होतात. तेव्हा घरी आल्यावर नुकऱ्याचा फोटो थोडा उजळायचा आणि काळ्याचा थोडा उतरवायचा, नवशिक्याला वाटतं त्याच्या बरोबर उलट. नुकऱ्याच्या पाठीवर ऊन पडलेलं असेल तर ‘हायलाइट’ खाली आणा, नाहीतर पाठीच्या जागी कोऱ्या कागदाचा तुकडा दिसेल. काळ्या घोड्याची खरी चमक त्याच्या स्नायूंवरच्या उजेडात असते, म्हणून सावल्या पूर्ण उचलू नका. काळा काळाच राहू द्या.

आता पुसण्याबद्दल. फोनमध्ये ‘इरेझर’ आला आहे. नको त्या वस्तूवर बोट फिरवलं की ती नाहीशी होते. मागची प्लास्टिकची पिशवी, डोक्यावरून गेलेली तार, कोपऱ्यात घुसलेला कुणाचा कोपर, आठवणीच्या फोटोतून हे काढायला माझी हरकत नाही. पण घोडा विक्रीचा असेल तर त्याच्या अंगावरची एकही खूण पुसू नका, रंगवू नका. घेणारा भोवरे बघतो, चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा आहे का ते बघून पंचकल्याणी म्हणतो, आणि त्यावर भाव ठरतो. बातमीच्या फोटोत तर काहीच पुसायचं नाही, काहीच वाढवायचं नाही. ऑगस्ट 2006 मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेसाठी काम करणाऱ्या अदनान हज या छायाचित्रकाराने बैरूतवरच्या हल्ल्याच्या फोटोत धूर जास्त दाखवला. धुराचाच तुकडा उचलून पुन्हा पुन्हा चिकटवला होता, आणि तीच ती वळणं लोकांनी ओळखली. रॉयटर्सने तो फोटो मागे घेतला, त्याच्याशी संबंध तोडला आणि विक्रीसाठी ठेवलेले त्याचे सगळे 920 फोटो काढून टाकले. त्यातले बाकीचे बहुतेक खरेच असतील, पण आता ते कोण मानणार? गावच्या वार्ताहराने हे ध्यानात ठेवावं. पुरात पाणी फूटभर जास्त दाखवलं, तर पुढच्या पुराच्या वेळी खरा फोटोही खोटा ठरतो.

होळीच्या फोटोंचं दुखणं आणखी वेगळं. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. त्याआधी रात्रभर ढोल आणि नाच. बुध्या, बावा होऊन आलेली माणसं, डोक्यावर बांबूचे उंच टोप आणि मोरपिसं, कमरेला भोपळे आणि घुंगरू, अंगावर राखेचे ठिपके. यातल्या कित्येकांनी आधीचे काही दिवस पालनी, म्हणजे व्रतासारखे कडक नियम, पाळलेली असते. अशा ठिकाणी फोनचा ‘नाइट मोड’ काय करतो? दोन-तीन सेकंदांत चित्रांवर चित्रं रचतो आणि मध्यरात्रीची संध्याकाळ करून टाकतो. आभाळ निळसर, जमीन स्वच्छ उजळलेली, आणि नाचणाऱ्यांचे हात-पाय धुरासारखे पसरलेले. जो रात्रभर तिथे होता त्याला हा फोटो दाखवा, तो म्हणेल, ही कुठली होळी?

रात्र रात्रच दिसू द्या. ‘एक्स्पोजर’ उतरवा, ‘ब्लॅक’ची दांडी खाली घ्या, जिथे अंधार होता तिथे अंधार परत आणा. आगीच्या उजेडात जेवढं दिसत होतं तेवढं दिसलं की पुरे. रंगाचंही बघा. उजेडाच्या रंगाचं माप केल्विनमध्ये असतं. दुपारचं ऊन साधारण 5500, आणि ज्वाळेचा पिवळा-नारिंगी उजेड 2000 च्या आसपास. फोनचा ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ तो नारिंगीपणा चूक समजून काढू पाहतो, मग होळीच्या उजेडातले चेहरे ट्यूबलाइटखाली बसल्यासारखे दिसतात. एडिट करताना ‘टेम्परेचर’ची दांडी पिवळ्याकडे थोडी न्या. थोडीच. सगळा फोटो शेंदरी झाला तर अंगावरची राख राखेसारखी दिसणार नाही, आणि ती राख दिसणं महत्त्वाचं आहे.

तोरणमाळच्या धुक्यालाही असंच वाचवा. पावसाळ्यात सीताखाईच्या कड्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत धुकं असणारच, ते बघायलाच माणूस तिथे जातो. घरी येऊन ‘डीहेज’ शेवटपर्यंत ओढलं की डोंगर उन्हाळ्यातले दिसतात आणि कडेने काळ्या रेघा उमटतात. आभाळ बदलायची जी नवी सोय आली आहे तिच्याबद्दल एवढंच सांगतो, यशवंत तलावावर कुठल्या तरी परदेशी समुद्रावरचा सूर्यास्त चिकटवू नका. पाण्यातलं प्रतिबिंब लगेच चुगली करतं.

आतापर्यंत जे बोललो ते गोड करण्याबद्दल झालं. याच्या अगदी उलट एक खोड आहे आणि ती मला जास्त खटकते. नंदुरबारचं नाव बाहेर निघतं ते बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातमीत. मग बाहेरून कुणी येतं, पाड्यावर जातं, फोटो काढतं, आणि नंतर त्याचे रंग काढून घेतं. ‘क्लॅरिटी’, ‘स्ट्रक्चर’ या दांड्या टोकाला. सुरकुतीन् सुरकुती खोल, कातडी राखाडी, भिंत काळी. बाईच्या अंगावर लालभडक लुगडं होतं, गळ्यात चांदी होती, ती हसत होती. फोटोत तिचं दैन्य तेवढं उरलं. जून 1994 मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाच्या आरोपातल्या ओ. जे. सिम्पसन या खेळाडूचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर छापला, चेहरा गडद करून. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो आहे तसा छापला होता. दोन्ही अंक दुकानात शेजारीशेजारी लागले आणि गडद केलेला चेहरा काय सुचवतो यावर देशभर गदारोळ झाला. रंग बदलला की मत बदलतं, हे तेव्हा सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आता ही खोड आपल्या पोरांनाही लागते आहे. स्वतःचा फोटो गोरा करायचा आणि पाड्यावरच्या म्हातारीचा काळा, त्याला ‘आर्ट’ म्हणायचं. कृष्णधवल फोटोला माझा विरोध नाही. पण तो करण्याआधी रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही त्या बाईला दाखवा. कुठला ठेवू, असं विचारा. बहुतेक बाया लुगड्याचा रंग मागतील, असा माझा अंदाज आहे.

विचारणं काढतानाही हवंच, हे वेगळं सांगायला नको. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारा, आणि आजारी, उपाशी मुलाचा ओळखू येईल असा चेहरा ग्रुपवर टाकूच नका. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात, ते दुसऱ्याला देण्याआधी काढून टाकता येतात.

आता घरातल्या ट्रंकेकडे वळू. नर्मदाकाठच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. मणिबेलीपासून सुरुवात झाली, 1993 च्या सुमारास. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी पूर्ण उंचीपर्यंत, 138.68 मीटरपर्यंत, अडवायची वाट मोकळी झाली. त्या गावांतली घरं, नदीकाठची शेतं आता फक्त कुणाच्या तरी पेटीतल्या चार-दोन फोटोंत असतील. पुनर्वसनाच्या वसाहतीत राहणाऱ्या पोरांनो, ते फोटो आधी कॉपी करा. घराच्या सावलीत, दारापाशी, फोटो सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, फोन अगदी समांतर धरून. तळोदा, शहाद्याच्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडे स्कॅनर असेल तर छोटे फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करून घ्या. मग एडिटिंग. पिवळेपणा कमी करा, विटलेल्या फोटोचा काळा आणि पांढरा परत ताणून घ्या, ओरखडे एकेक करून भरा. याला वेळ लागतो, लागू द्या.

पण ‘एन्हान्स’ नावाच्या बटणापासून जपा. जुन्या फोटोत आजोबांचा चेहरा नखाएवढा असतो. त्यात डोळ्यांच्या जागी काळे ठिपके असतात, पापण्या नसतातच. यंत्र त्यात पापण्या, बुबुळं, ओठांच्या कडा भरतं. कुठून आणतं? लाखो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं, त्यातून. म्हणजे जो चेहरा स्वच्छ होऊन तुमच्यासमोर येतो तो आजोबांसारखा दिसणारा दुसराच कुणी असतो. आजोबांना पाहिलेली माणसं घरात आहेत तोवर ती सांगतील की डोळे असे नव्हते. ती गेल्यावर हाच चेहरा खरा ठरेल. रंग भरण्याचंही तसंच, लुगडं हिरवं होतं की जांभळं, हे यंत्र नुसतं ठरवून टाकतं. हौस म्हणून करायचंच असेल तर वेगळी प्रत करा, तिच्यावरच ‘यंत्राने रंगवलेला’ असं लिहा, आणि मूळ स्कॅन वेगळा सांभाळा.

काही फोटो असे असतात की त्यांना हातच लावायचा नाही. वादळाने केळी आडवी पडली, पपई झोडपली, पंचनाम्यासाठी फोटो काढले, तर ते जसेच्या तसे ठेवा. कापू नका, उजळू नका, त्यावर बाण काढू नका, तारीख लिहू नका. लिहायचं असेल तर प्रतीवर लिहा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची ‘हॅश’ नोंदवायची असते. हॅश म्हणजे त्या फाइलवरून निघणारी अक्षर-आकड्यांची ओळ. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ बदलते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतली माहितीही गळते. असे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

ओळखपत्राच्या फोटोचंही तेच. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आधारवरच्या फोटोला तेव्हापासून सगळा देश हसतो आहे, हसू द्या. नोकरीच्या, परीक्षेच्या अर्जाला लावायचा फोटो योग्य मापात कापणं आणि सांगितलेल्या केबीत बसवणं एवढंच एडिटिंग तिथे करायचं. गोरा केलेला, गुळगुळीत केलेला फोटो अर्जावर आणि खरा चेहरा परीक्षेच्या दारात, यात नुकसान त्या पोराचंच.

बाकी हत्यारांचं थोडक्यात. स्नॅपसीड फोनवर फुकट मिळतं आणि नव्वद टक्के कामाला पुरतं. संगणकावर फुकटात गिंप आहे. आधी फोटो सरळ करा, मग कापा, मग उजेड, मग रंग, आणि धार वाढवायची तर सगळ्यात शेवटी. रीलसाठी आडवा फोटो उभा करायचा असेल तर कापा, पण दाबून बसवू नका. 1982 च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते. त्याची बोलणी त्या मासिकाला अजून खावी लागतात. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, दर वेळी थोडं गळतं. नेहमी ‘कॉपी म्हणून सेव्ह’. एडिट झाला की फोन बाजूला ठेवा, रात्री केलेला फोटो सकाळी उन्हात उघडून बघा. अंधारात स्क्रीन जास्त उजळ वाटते, म्हणून रात्री केलेले फोटो सकाळी हटकून काळपट निघतात.

आणि शेवटी प्रिंट काढा. फोनमधला फोटो ज्याचा आहे त्याच्यापर्यंत पोचतच नाही, पाड्यावर रेंज नसते. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला 1200 बाय 1800 ठिपके असलेली फाइल पुरते. लॅबवाल्याला आधीच सांगून ठेवा की तुमच्या यंत्राचं ‘ऑटो करेक्शन’ बंद ठेवा. नाहीतर घरी दोन तास घालवून जो सावळा रंग तुम्ही सांभाळला, तो तिथे एका क्षणात उजळ होऊन बाहेर येईल. प्रिंट हातात आल्यावर मागे पेन्सिलने नाव, गाव आणि तारीख लिहा. बॉलपेनाने नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मग पुढच्या आठवडी बाजाराला ती सोबत घेऊन जा आणि ज्याची आहे त्याच्या हातात द्या. तो नाक मुरडेल तर का, ते विचारून घ्या, मूळ फाइल तुमच्याकडे आहेच.